गावकवी नेमायचाय? पात्रता, कागदपत्रं, ठराव आणि परवानग्या (बेळगाव सीमाभागातल्या वाचनालयांसाठी)

आमच्या वाचनालयाच्या बैठकीत मागच्या पावसाळ्यात एका कॉलेजच्या पोरीनं विषय काढला. अमेरिकेत म्हणे शहराशहराला आपला कवी असतो, पालिकाच नेमते, मानधन देते. मग आपल्याकडं का नाही? कोपऱ्यात सुपारी कातरत बसलेले आप्पा म्हणाले, "कविता लिवायला अर्ज कशाला लागतोय गं?" बैठक हसली आणि विषय खुर्चीभाड्यावर गेला. दोन दिवसांनी तिचा फोन आला, "काका, पण फॉर्म कुठं मिळतो?"

फॉर्म मिळत नाही. बेळगाव महानगरपालिकेचे ५८ वॉर्ड, तालुका पंचायती, ग्रामपंचायती, कुठंही 'नगरकवी' किंवा 'गावकवी' असं पद नाही. आपल्या कर्नाटक राज्यात कन्नड कवींसाठी 'राष्ट्रकवी' हा किताब आहे. गोविंद पै यांना तो १९४९ मध्ये तेव्हाच्या मद्रास सरकारनं दिला, कुवेंपुंना १९६४ मध्ये आणि जी. एस. शिवरुद्रप्पांना २००६ मध्ये मिळाला. पण तो मान झाला. त्याला अर्ज नसतो आणि त्याबरोबर कामांची यादीही येत नाही. आम्हाला हवा होता तो काम करणारा कवी. त्यासाठी पालिकेची वाट बघायची गरज नाही, नोंदणीकृत संस्था हे करू शकते. वर्षभर कार्यालयांचे उंबरे झिजवून जे हाती लागलं ते इथं लिहितोय. कायद्यानं काय लागतं आणि आमच्या वाचनालयानं स्वतःसाठी काय ठरवलं, या दोन गोष्टी वाचताना वेगळ्या ठेवा. दुसरी तुम्ही खुशाल बदला.

नगरकवी करतो काय?

इंग्लंडात राजकवीचं पद जॉन ड्रायडनपासून म्हणजे १६६८ पासून आहे. एकदा नेमला की मरेपर्यंत तोच, अशी रीत होती. १९९९ पासून मुदत दहा वर्षांची केली. शहरांनी ही कल्पना उचलली ती मात्र अलीकडं. सॅन फ्रान्सिस्कोनं १९९८ मध्ये लॉरेन्स फर्लिंगेटी यांना नेमलं, ते त्या शहरात पुस्तकांचं दुकान आणि प्रकाशन चालवायचे. टोरांटोनं २००१ मध्ये, एडिनबरानं २००२ मध्ये (तिथं या कवीला 'मकार' म्हणतात, जुना स्कॉटिश शब्द आहे), अँटवर्पनं २००३ मध्ये, बॉस्टननं २००८ मध्ये आणि लॉस एंजेलिसनं २०१२ मध्ये आपापला कवी नेमला. लॉस एंजेलिसनं पुढं २०१४ मध्ये युवा नगरकवी नेमायला सुरुवात केली आणि पहिली निवड झाली अमांडा गोरमनची. तीच मुलगी २०२१ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या शपथविधीत कविता वाचताना सगळ्या जगानं पाहिली.

हे कवी शाळांत कार्यशाळा घेतात, ग्रंथालयात बसून लोकांच्या कविता ऐकतात, एखादा पूल खुला झाला की त्यावर लिहितात. मला सगळ्यांत भिडलं ते नेदरलँड्समधलं काम. ग्रोनिंगेन शहराच्या कवीनं एक रीत सुरू केली. ज्या मयताला कुणी नातेवाईक नाही, त्याच्या अंत्यविधीला कवीनं जायचं आणि त्या माणसाबद्दल जी काही चार माहितीची टिपणं मिळतील त्यावर कविता लिहून तिथंच वाचायची. पुढं ॲमस्टरडॅम आणि अँटवर्पमध्येही ती रीत रुजली. ऐकणारे कोण? दफनभूमीतले कर्मचारी, पालिकेचा एखादा माणूस, आणि कवी. टाळ्या नाहीत, शाल नाही, श्रीफळ नाही.

अशा शहरांच्या जाहिराती वाचल्या की मागण्या साधारण सारख्याच दिसतात: त्या शहरात राहण्याचा पुरावा, वय १८ पूर्ण, आपल्या काही कविता, स्वतःची ओळख, आणि निवड झाल्यास लोकांसाठी काय करणार याचं पानभर टिपण. मुदत दोन ते चार वर्षं. निवड समितीत ग्रंथालयाचा माणूस बहुतेक असतोच. कविता किती थोर आहे यापेक्षा त्या पानभर टिपणाला किंमत जास्त, असं माझं मत झालं, आणि आम्ही आमचे नियम त्यावरच बेतले.

आपल्याकडं हे काम आधीपासून आहे

बेळगावला कवीची सवय नाही असं कुणी म्हणू नये. इथलं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या गावात तीनदा झालं, १९२९, १९४६ आणि २०००. त्यातल्या १९४६ च्या संमेलनातच संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. इंदिरा संत याच शहरात राहिल्या, इथंच त्यांनी शिकवलं, १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. पालिकेचं नेमणूकपत्र त्यांच्याकडं नव्हतं आणि त्यांचं त्यावाचून काही अडलंही नाही. धारवाडचे कवी द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलणारे आणि कन्नडचे ज्ञानपीठ विजेते. भाषेच्या सीमा इथल्या कवींनी रोजच ओलांडल्यात.

आणि गावोगावची संमेलनं आहेतच. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, सांबरा, कुद्रेमनी, निपाणीकडं कारदगा. सुगी आटोपली की रविवारमागून रविवार ग्रंथदिंड्या निघतात, पुढं लेझीम, मागं भजनी मंडळ, पालखीत ज्ञानेश्वरी. पण या संमेलनांतलं कविसंमेलन बहुतेक शेवटच्या सत्रात असतं. जेवणं झालेली असतात, मंडपाच्या कडेला पत्रावळ्या गोळा होत असतात, ज्यांना शेवटची बस गाठायची ते मधूनच उठतात. उरलेल्या खुर्च्या एकेक करून टेम्पोत चढत असताना शेवटून दुसरा कवी माईकवर असतो. मी स्वतः त्या जागी वाचलंय. वर्षातून एकदा असे वीस कवी उभे करण्यापेक्षा एकाला वर्षभर गावात फिरवावं, हा आमचा सगळा खटाटोप आहे.

आधी संस्था, मग कवी

गावकवी नेमायचा तर नेमणारा कायद्याच्या नजरेत कुणीतरी असावा लागतो. वाचनालय किंवा मंडळ नोंदलेलं असेल तर हा भाग सोडून पुढं जा. नसेल तर कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, १९६० खाली नोंदणी करा. आपण कर्नाटकात राहतो, त्यामुळं कोल्हापूरच्या मित्राच्या संस्थेची घटना आणून तिच्यातला 'महाराष्ट्र' खोडून चालत नाही. हे सांगतोय कारण आम्ही तेच केलं होतं, आणि तिसऱ्या पानावर 'धर्मादाय आयुक्त' तसाच राहिला होता.

साहित्य, शिक्षण, ललित कला, वाचनालय चालवणं ही सगळी उद्दिष्टं या कायद्यात बसतात. किमान सात सज्ञान सभासद लागतात. एका घरातलेच सात घेऊ नका, कागदावर आणि गावातही ते वाईट दिसतं.

अर्ज सहकार खात्याकडच्या जिल्हा संस्था नोंदणी अधिकाऱ्याकडं जातो. जमिनीचे खरेदीखत करतात त्या उपनोंदणी कार्यालयात नव्हे. तिथं आमचा अर्धा दिवस गेला, रांगेत पुढं गेल्यावर खिडकीतल्या माणसानं कागद न बघताच हात हलवला. नोंदणी फी आणि सध्याचा अर्जाचा नमुना योग्य कार्यालयातून आधी घ्या. बाहेरच्या झेरॉक्स दुकानात मिळणारा नमुना जुना असू शकतो.

सोबत लागतं ते असं. संस्थेचं ज्ञापन, त्यात नाव, पत्ता, उद्दिष्टं आणि पहिल्या कार्यकारिणीची नावं, पत्ते, व्यवसाय. नियमावली, त्यात सभासदत्व, वर्गणी, सभा कशी बोलवायची, गणसंख्या किती, हिशेब कोण ठेवणार. पहिल्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत. सगळ्यांचे फोटो, ओळखपत्रं, राहण्याचा पुरावा. कार्यालयाच्या जागेचा पुरावा आणि जागा दुसऱ्याची असेल तर मालकाचं ना हरकत पत्र.

यातलं सगळ्यांत किरकिरीचं काम नावांचं. आमच्या एका सभासदाचं नाव आधारवर यल्लाप्पा, रेशनकार्डावर कन्नडमध्ये एल्लप्प, शाळेच्या दाखल्यावर यल्लापा. माणूस एकच, सही मात्र तो 'वाय. एन. पाटील' अशी करतो. सीमाभागात ही घरोघरची गोष्ट आहे, कारण आपलं नाव मराठीतून कन्नडात, तिथून इंग्रजीत आणि परत मराठीत असं फिरून येतं. उपाय साधा आहे: आधारवर जे नाव आहे तेच सगळीकडं लिहा आणि सहीखाली तेच नाव कंसात टाका. दुसरा त्रास गावाच्या नावाचा. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे. घरात, भाषणात, कवितेत काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पत्त्याच्या ओळीत मात्र बेळगावी लिहा, नाहीतर अर्ज एका शब्दापायी परत येईल.

भाषेचंही सांगतो. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणं गाऱ्हाण्याचं निवेदन राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं, म्हणजे मराठीतही. उत्तर मराठीत येईल असं मात्र ते कलम म्हणत नाही. आम्ही मूळ घटना मराठीत केली, तिची कन्नड प्रत शाळेतल्या कन्नडच्या बाईंकडून तपासून घेतली आणि दोन्ही जोडल्या. टेबलावरच्या कारकुनानं कन्नड प्रत वाचली, दोन शब्द सुधारून दिले, काम झालं. तत्त्व म्हणून फक्त मराठी प्रत देणाऱ्यांचा मला आदर आहे. पण तारीख जवळ असेल तर दोन प्रती न्या.

संस्थेच्या नावात सरकारी मान्यतेचा भास होईल असे शब्द टाळा, 'राज्य', 'राष्ट्रीय', 'महामंडळ' वगैरे. त्याच कारणानं पत्रिकेवर 'बेळगावचा नगरकवी' छापू नका. पालिकेचा ठराव झाल्याशिवाय तो दावा खोटा ठरतो. 'अमुक वाचनालयाचा गावकवी' म्हणा. आम्ही मात्र एक पायरी वाढवली. कर्नाटक ग्रामस्वराज व पंचायतराज कायदा, १९९३ प्रमाणं ग्रामसभा भरते, तिथं लेखी विषय देऊन 'वाचनालयाच्या गावकवी उपक्रमाची नोंद घ्यावी' एवढाच ठराव मागितला. पैसे मागितले नाहीत, म्हणून विरोधही झाला नाही. पंचायत विकास अधिकाऱ्याच्या, म्हणजे पीडीओच्या सही-शिक्क्याची ती प्रत पुढं शाळेत, पोलिस ठाण्यात आणि बँकेत, तिन्हीकडं उपयोगी पडली.

नोंदणी झाली की संस्थेच्या नावाचं पॅन काढा, मग बँक खातं, दोघांच्या सह्यांनी चालणारं. दरवर्षी सर्वसाधारण सभा झाल्यावर १४ दिवसांत कार्यकारिणीची यादी आणि तपासलेला हिशेब नोंदणी अधिकाऱ्याकडं द्यावा लागतो. बहुतेक मंडळं इथंच मरतात. संमेलन दणक्यात होतं, आणि हिशेबाची वही खजिनदाराच्या माडीवर भाताच्या पोत्याखाली सापडते.

कवीची पात्रता

इथून पुढं आमचे नियम आहेत.

वय १८ पूर्ण. पुस्तक छापलेलं असण्याची अट नाही. पैसे भरून छापलेला संग्रह आणि वहीतल्या चांगल्या दहा कविता यांत आम्ही वही घेऊ. मराठीत लिहिता यायला हवं, कन्नड समजायला हवं. ही दुसरी अट बैठकीत वादाची ठरली. पण गावातल्या अंगणवाडीत, पंचायतीत, दवाखान्यात निम्मं बोलणं कन्नडमधून होतं. ज्याला ते कळत नाही त्याला निम्मं गाव ऐकू येत नाही.

राहण्याच्या अटीवर दोन सभा गेल्या. आमची कितीतरी पोरं रोज सकाळी दुचाकीनं राज्याची हद्द ओलांडून शिनोळीच्या कारखान्यात जातात आणि रात्री परत येतात. काही गोव्यात आहेत, सणाला येतात. गावात जन्मलेली मुलगी चंदगडला सासरी आहे, चंदगडची मुलगी इथं सून आहे. शेवटी ठरलं ते असं: वर्षातल्या निम्म्याहून अधिक रात्री जो गावात झोपतो तो गावचा. म्हणजे शिनोळीला जाणारा चालतो, गोव्यातला नाही. सून चालते. सासरी गेलेली लेक चालत नाही, याचं मला वाईट वाटतं, आणि पुढच्या वर्षी हा नियम मी पुन्हा काढणार आहे.

सरकारी शाळेतले शिक्षक अर्ज करणार असतील, आणि आपल्याकडं निम्मे कवी शिक्षकच, तर मानधन घेण्याआधी खात्याची लेखी परवानगी आणावी. कार्यकारिणीच्या सदस्यांना आणि त्यांच्या घरच्यांना अर्ज करता येत नाही. हा नियम लिहिताना दोन कवी सदस्यांनी राजीनामे दिले आणि दोघांनीही अर्ज केला.

अर्जासोबत काय द्यायचं

एका कागदावर नाव, पत्ता, काम, फोन. राहण्याच्या पुराव्याची प्रत, मतदार ओळखपत्र किंवा रेशनकार्ड. स्वतःच्या पाच कविता, हातानं लिहिलेल्या चालतात, नाव कवितेखाली नको, कारण परीक्षकांना त्या नाव झाकून दिल्या जातात. कविता स्वतःच्याच आहेत असं सहीचं निवेदन. आणि ते टिपण, जास्तीत जास्त दोन पानं: वर्षभरात गावासाठी काय करणार.

टिपणावरच निवड होते म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. पहिल्या वर्षी आलेल्या बहुतेक टिपणांत 'मराठी भाषेचं संवर्धन करीन', 'नव्या पिढीत काव्याची गोडी निर्माण करीन' अशी वाक्यं होती. ती वाचून कळत नाही की हा माणूस बुधवारी संध्याकाळी कुठं असेल. एकीनं मात्र लिहिलं होतं: दर अमावास्येला, रानातली कामं बंद असतात तेव्हा, देवळाच्या कट्ट्यावर बायकांच्या जात्यावरच्या ओव्या ऐकून उतरवून घेईन, सांगणारीचं नाव ओवीखाली लिहीन, आणि शाळेच्या गॅदरिंगला त्यांतल्या चार ओव्या त्याच बायकांकडून म्हणवून घेईन. दिवस, जागा, माणसं, शेवट, सगळं त्यात आहे. अर्जदारांना मी हेच सांगतो: कुठं, कधी, कुणाबरोबर, आणि शेवटी हातात काय उरेल, एवढं लिहा.

निवडीला तिघेजण: एक बाहेरगावचा कवी, एक शाळेचे मुख्याध्यापक, आणि एक कवितेशी संबंध नसलेला माणूस. आमच्याकडं तो किराणा दुकानदार होता, आणि त्याचे प्रश्न सगळ्यांत अवघड होते. गुण कागदावर लिहायचे, सह्या करायच्या, कागद दप्तरात ठेवायचा. नाराज कवी दोन वर्षांनी विचारतो.

करारनामा, आणि कवितेचा हक्क कुणाचा

नेमणूकपत्रावर भागवू नका. करार साध्या भाषेत लिहा आणि स्टॅम्प पेपरवर करा. त्यात मुदत (आमची एक वर्ष, फार तर आणखी एक), मानधन किती आणि किती हप्त्यांत, कामं कोणती, आणि काम सोडायचं झाल्यास किती दिवस आधी सांगायचं, एवढं हवं. मानधन खात्यावरच द्या, रोख नको. आमचं मानधन इतकं कमी आहे की आकडा लिहायची लाज वाटते. पण तिमाहीच्या तिमाहीला जातं.

आम्ही कामं पाच ठरवली. महिन्यातून एकदा शाळेत तास, मुख्याध्यापकांच्या लेखी संमतीनं आणि वर्गशिक्षक हजर असताना. वाचनालयात ठरलेल्या संध्याकाळी बसणं. गावच्या यात्रेला किंवा कुठल्याही एका सार्वजनिक प्रसंगाला नवी कविता. निवृत्त होणाऱ्या माणसावर, मग तो गुरुजी असो, पोस्टमन असो की पंप ऑपरेटर, चार ओळी लिहून निरोपाला वाचणं. आणि गावात कुणी एकटं माणूस गेलं तर तिसऱ्या दिवशी त्याच्याबद्दल लिहिणं. काय लिहायचं नाही तेही करारात आहे: संस्थेच्या पैशानं कुठल्याही उमेदवाराचं प्रचारगीत नाही. कवीनं स्वतःच्या नावानं सरकारवर, सीमाप्रश्नावर, आमच्यावर काय लिहावं यात वाचनालय बोलणार नाही, हेही त्याखालीच लिहिलंय.

हक्काचा भाग वकिलाला दाखवून घ्या. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणं लिहिणारा हाच हक्काचा पहिला मालक, आणि हक्क त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. संस्थेला हक्क हवा तर तो लेखी आणि सहीनिशी घ्यावा लागतो. लेखी घेतला पण मुदत लिहिली नाही, तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. आम्ही मालकी घेतलीच नाही. फक्त फलक, पत्रिका आणि वार्षिक अंकात छापण्याची परवानगी घेतली. बाकी कविता कवीची. कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही, कवीला हवी असेल तर साहित्यकृतीसाठी फी ५०० रुपये आहे.

वर्षाअखेरीस पुस्तिका काढणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून मोफत मिळतो. त्यासाठी पैसे मागणारा मधला माणूस भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. १९५४ च्या कायद्याप्रमाणं प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना प्रकाशकानं स्वखर्चानं एकेक प्रत पाठवायची असते. लहान मंडळं हे करत नाहीत. करा. गाव बुडालं तरी पुस्तिका कोलकात्यात राहील.

कार्यक्रमाच्या परवानग्या

कट्ट्यावर दहाजण बसून कविता ऐकणार असतील तर कुणाला विचारायचं नाही. मंडप आणि स्पीकर आला की कागद आले. शहरात पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीतलं ठाणं, ग्रामीण भागात तुमचं स्थानिक ठाणं. अर्जात तारीख, वेळ, जागा, अंदाजे लोक, पाहुण्यांची नावं, आणि जबाबदार दोघांचे फोन द्या. जागा शाळेची असेल तर मुख्याध्यापक आणि एसडीएमसीचं, म्हणजे शाळेच्या विकास समितीचं पत्र, पंचायतीची असेल तर पीडीओंचं. वीज आकडा टाकून घेऊ नका, हेस्कॉमकडून, म्हणजे वीज कंपनीकडून तात्पुरतं कनेक्शन घ्या.

ध्वनी प्रदूषण नियम, २००० प्रमाणं रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. निवासी भागात दिवसा मर्यादा ५५ डेसिबल आहे, जी आमच्या मंडपवाल्याचं जनरेटर एकटंच ओलांडतं. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र धरलं जातं. शाळेच्या मैदानावर कार्यक्रम असेल तर तो रविवारी आहे हे अर्जात ठळक लिहा.

आणि तारीख. १ नोव्हेंबर हा कर्नाटकचा राज्योत्सव, मराठी माणसं तो काळा दिवस पाळतात; त्याच्या आगेमागे आठवडाभर मराठी कार्यक्रमाचा अर्ज टाकू नका, परवानगी देणाऱ्यालाही अवघड आणि तुम्हालाही. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असेल तर सगळा पोलिस फौजफाटा तिकडं असतो, ग्रामीण ठाण्यात सही करायला माणूस सापडत नाही. आम्ही जानेवारीचे मधले रविवार धरतो आणि अर्ज तीन आठवडे आधी देतो. संस्थेच्या कायमच्या फलकावर कन्नड ठळक ठेवा. कर्नाटकात नामफलकांवर ६० टक्के कन्नडचा नियम आहे, आणि कार्यक्रमाच्या आदल्या रात्री फलकावरून भांडण होण्यापेक्षा चित्रकाराला शंभर रुपये जास्त दिलेले बरे.

प्रत्येक अर्जाची पोचपावती घ्या, तुमच्याच प्रतीवर शिक्का आणि तारीख. तोंडी 'बघतो' म्हणजे पोच नव्हे. आमचा एक अर्ज एका कार्यालयात तीन महिने 'वर गेला होता'. कुठल्या मजल्यावर ते कुणी सांगेना. शेवटी माहिती अधिकारात विचारलं. फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत, आणि कर्नाटकच्या नियमांत एक खास गोष्ट आहे: अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. आमच्या गावकवीनंच तो लिहून दिला, ८२ शब्दांत. नवव्या दिवशी फाइल सापडली.

मुदत संपल्यावर

कवीला संस्थेनं एक जाड वही दिलेली असते, पानांवर क्रमांक टाकलेली, पहिल्या पानावर अध्यक्षांची सही. त्यात तारीख, कुठं गेला, कोण भेटलं, काय वाचलं याच्या नोंदी असतात. कविता नसली तरी चालते, नोंद हवी. शेवटचा हप्ता ही वही दप्तरात जमा झाल्यावरच निघतो. पहिल्या वर्षीची वही माझ्यासमोर आहे. पान ४१ वर फक्त एवढं आहे: 'बुधवार. वाचनालयात बसलो. कोणी आलं नाही. सव्वासातला आप्पा आले, सुपारी दिली, म्हणाले माझ्या म्हशीवर लिव. लिहून घेतोय.' पान ४२ ते ४४ म्हशीवर आहेत.

पुढच्या वर्षीचे अर्ज दिवाळी पाडव्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत घेतो. वही पाहायची असेल तर वाचनालयाच्या वेळेत येऊन तिथंच बसून वाचायची, झेरॉक्सला बाहेर देत नाही.